खाडीपलीकडचा आवाज

मंडळी, काकूंनी सांगितलं, तू बोल, म्हणून उभा राहिलोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी खेडचा. पंपदुरुस्तीचं दुकान आहे माझं. अरविंदकाकांची माझी ओळख हौशी रेडिओवरची. म्हणजे घरी बसून, आपल्याच यंत्रावरून, जगभरातल्या आपल्यासारख्या वेड्यांशी गप्पा मारायच्या. काका जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त झाले आणि या समोरच्या बेटावर, आपल्या घरात, त्यांनी स्टेशन थाटलं. बेटावरून बोलणाऱ्याचं आमच्यात फार अप्रूप असतं. म्हणून कुठून कुठून माणसं यायची. कोणी बंगालचा, कोणी जपानचा. उतरल्या उतरल्या सगळ्यांना अँटेनाची तार बांधायची घाई. आणि काकू ओरडायच्या, "तार मागाहून बांधा, आधी घावणे खा! गार झाले तर मी पुन्हा नाही घालणार." पुन्हा घालायच्याच.

या खेपेला केरळचे जोसेफ आले होते. ते बघा, समोर बसलेत. अजून घरी गेले नाहीत.

त्या सकाळी वारा सुटला. वीज गेली, बेटावरचे मोबाईल बंद पडले. अँटेनाचा खांब हलायला लागला. जोसेफ म्हणाले, राहू दे काका. काका म्हणाले, "पाहुणा घरात आणि स्टेशन बंद? शोभतं का?" खांबाला ताणून धरणारा दोर आवळायला गेले. आवळला. परत येऊन पडवीत बसले आणि छाती धरली.

यंत्र बॅटरीवर चालू होतं. मी दुकानात ऐकत होतो. एकदम जोसेफांचा आवाज आला. होडी पाठवा. डॉक्टर पाठवा.

मी काय काय केलं? सगळं केलं. इथं गावात फोन केला. रुग्णवाहिका आली, धक्क्यावर उभी राहिली. एका कानाला फोनवर डॉक्टर, दुसऱ्या कानाला जोसेफ. डॉक्टर सांगत होते ते मी सांगत होतो, मी सांगत होतो ते जोसेफ करत होते. किती वेळ ते छाती दाबत होते! श्रीलंकेतून कोणी विचारत होतं, काय मदत करू? गुजरातमधून कोणी विचारत होतं. सगळ्यांना ऐकू येत होतं हो. पोचता कोणालाच येत नव्हतं.

इथल्या दिनूदादानं आपली होडी पाण्यात घातली. लाटेनं परत फेकली. पुन्हा घातली. पुन्हा तेच. दोन्ही वेळा या धक्क्यावर तुम्ही उभे होतात. मी तर तिथंही नव्हतो.

मग काकूंचा आवाज आला. काकू कधी रेडिओवर बोलत नसत. म्हणाल्या, "अरे, होडी कुठवर आल्ये?"

मी म्हटलं, "परत फिरली, काकू. दादा पुन्हा निघतोय."

मग म्हणाल्या, "दिनूला थांबव. पोराबाळांचा आहे तो. आता घाई नाही उरली."

मी धक्क्यावर फोन लावला आणि दिनूदादाला थांबवलं.

जोसेफ त्या दिवसापासून मला एकच विचारतायत. मी आलो नसतो तर काका खांबाकडे गेले असते का? तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर त्यांना द्या. दिनूदादा, तूही असा मान खाली घालून बसू नकोस.

आम्ही रेडिओवाले निरोप घेताना 'त्र्याहत्तर' म्हणतो. म्हणजे, तुमचं बरं असो. त्या दिवशी काकांना ते म्हणायचं राहून गेलं.

काका, त्र्याहत्तर.

उठा मंडळी, बेटाकडे तोंड करून उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.