नवव्या सभासद शेवंताबाई

आण्णाप्पा : ...पर राजीनामा म्हंजे खरा राजीनामा असतोय व्हय रं? दर खेपंला देतोय की आपण!

धर्मराज : दर खेपेला तो तुमच्या कोटाच्या खिशात राहतो, चेअरमनसाहेब. ह्या खेपेला येळ्ळूरच्या सभेत टाळ्या पडल्या, आणि तुम्ही स्टेजवरनं उतरून तो तहसीलदाराच्या हातात दिलात. आख्ख्या कमिटीचा. आठ सह्या, कॉलेजच्या शिक्क्यासकट.

आण्णाप्पा : कन्नडसक्तीच्या इरोधात सभा व्हती. मानसं उठून उभी ऱ्हायली व्हती. तवा काय परत खिशात घालू?

धर्मराज : त्यांनी तो वर पाठवला, वरच्यांनी मंजूर करून टाकला. आज पाचच्या आत धारवाडच्या शिक्षण खात्यात नवी कमिटी दाखवली नाही, तर उद्या सरकारी प्रशासक येणार. आणि त्यांच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय, पुढल्या सालापासून मराठीचे वर्ग बंद.

आण्णाप्पा : तीनशे लेकरं हाईत रं. पोरं तरी जातील कोल्लापुरला. पोरींचं काय?

धर्मराज : घरी बसतील. दुसरं काय होणार?

आण्णाप्पा : म्या माझ्या हातानं घालवलं कॉलेज. काय बी कर, पर वाचीव. तुझ्या पाया पडतो, धर्मराज.

धर्मराज : माझ्या नका पडू. संस्थेच्या घटनेत एकच वाट आहे. नऊपैकी एक जरी सभासद उरला, तरी त्याला बाकीच्या जागा भरता येतात. आणि एक उरलाय.

आण्णाप्पा : कोन? झाडून समद्यांनी सह्या केल्या की.

धर्मराज : शेवंताबाई. त्या सही करत नाहीत, अंगठा देतात. तो त्यांच्या घरी जाऊन आणावा लागतो. त्या दिवशी गडबडीत कुणी गेलंच नाही.

आण्णाप्पा : आरं देवा. म्हंजे आपण तिला इसरलो, म्हणून...

धर्मराज : म्हणून आज तिच्या दारात चाललोय. साडेअकराच्या गाडीला तासभर आहे. उचला पाय.

(कॉलेजच्या मागची गल्ली. शेवंताबाईचं दार सताड उघडं. तंबाखूच्या वखारीचे मालक आण्णाप्पा आणि काखेत ठरावाचं बुक घेतलेले प्राचार्य धर्मराज, दोघंही उंबऱ्याशी येऊन थबकतात. बारा वर्षांत इथं बसायची वेळच आली नव्हती. अंगठा उभ्या उभ्याच घेता येतो.)

शेवंताबाई : या, सर. शाईची डबी आनलीया न्हवं? कुठं टेकवायचा ते दावा. आगं बया, आज मालक सोता आलं? कोन गेलं का काय?

आण्णाप्पा : कॉलेज चाललंय, आक्का. तुम्हीच वाचवा. आता कमिटी म्हंजे तुम्ही एकट्या.

शेवंताबाई : म्या? म्या कवा कमिटीत व्हते?

धर्मराज : बारा वर्षं आहात, मावशी. तुमच्या घरच्यांनी होती नव्हती ती दोन एकर कॉलेजला दिली, तेव्हा अट घातली होती. घरचं एक माणूस कायम कमिटीत.

शेवंताबाई : मला वाटायचं, त्या दिलेल्या रानाच्या फाळ्याचा, सरकारी साऱ्याचा कागद आसंल. म्हणून देत आले अंगठा.

आण्णाप्पा : आक्का, येळ लई थोडा हाय...

शेवंताबाई : थांबा वाईच. सर, माझ्या नातीचं, अंजनीचं नाव कॉलेजातनं काढलं, तवा म्या तुमच्या दाराला आलते. ध्यानात हाय?

धर्मराज : आहे.

शेवंताबाई : तुम्ही म्हणलासा, कमिटीनं ठरवलंय, माझ्या हातात काय न्हाय. म्या म्हणले, कमिटी कुठं बसती तेवढं सांगा, तिच्यापुढं पदर पसरते.

धर्मराज : हो. असंच म्हणालात.

शेवंताबाई : ते ह्या बुकात आसंल. वाचा.

आण्णाप्पा : आक्का, गाडी चुकंल...

शेवंताबाई : वाचा म्हणते.

धर्मराज : "ठराव क्रमांक चार. ज्यांची हजेरी निम्म्याहून कमी भरते, त्यांची नावे पटावरून कमी करावीत. सूचक, श्री. आण्णाप्पा." खाली चार नावं आहेत. तिसरं अंजनीचं.

शेवंताबाई : हजरी कशी भरंल? सकाळी सातपास्नं पोर तुमच्याच वखारीत तंबाकू चाळत व्हती, मालक. तितनं सुटून पळत कॉलेजात जायाची. तुम्हास्नी ठावं न्हवतं?

आण्णाप्पा : ठावं व्हतं. वरनं तपासणी येनार व्हती, आक्का. हजेरी कमी दिसली तर मान्यता जाईल, ह्या भ्यानं...

शेवंताबाई : म्हंजे तवाबी कॉलेजच वाचवत व्हता. खाली कुनाच्या सह्या?

धर्मराज : आठ जणांच्या. आणि...

शेवंताबाई : आनि?

धर्मराज : तुमचा अंगठा आहे, मावशी. मीच आणलं होतं बुक. तुम्ही भाकरी थापत होता. पिठाचा डाग अजून आहे ह्या पानावर. काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं नाही. दर वेळी घ्यायचो तसा घेतला आणि निघालो.

शेवंताबाई : आनि चौथ्या दिशी म्या तुमच्या दाराला.

धर्मराज : तेव्हा सांगायला जीभ रेटली नाही. माझी आईसुद्धा वखारीत पोती शिवून मला शिकवत होती. निदान मला तरी लाज वाटायला पाहिजे होती.

शेवंताबाई : पोर मला इचारायची, आज्जी, कोन गं ही कमिटी, एवढी दगडाच्या काळजाची? आनि म्या तिच्यासंगं बसून कमिटीला शिव्या घातल्या.

आण्णाप्पा : आक्का, आम्हाला घाला शिव्या. जोड्यानं मारा. पर ती तीनशे लेकरं... अकरा वाजत आलं हो.

शेवंताबाई : लेकरांनी माझं काय वाकडं केलंय? देते अंगठा. पर आज बुक म्या सांगंन तसं लिवायचं. कमिटी म्याच हाय न्हवं?

धर्मराज : तुम्हीच आहात.

शेवंताबाई : मग दुसरा ठराव तुमच्या आठ मानसांचा. पैला माझा. अंजनीचं नाव परत पटावर घ्यावं. लिवा.

धर्मराज : मावशी, तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली. संकेश्वरात दोन लेकरं आहेत तिला. ती आता कशी येणार?

शेवंताबाई : ठावं हाय मला. अक्षता म्याच टाकल्यात तिच्यावर. तरीबी लिवा.