फाटक कुणी उघडं ठेवलं?

दोष माझ्या काकाचा! शंभर टक्के काकाचा, आणि तो हे मरेपर्यंत कबूल करणार नाही, म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवतो... काका कुत्री पाळतो आणि विकतो. काळी. फक्त काळी! 'सात पिढ्यांत डाग नाही,' हे असं छाती फुगवून सांगतो की जणू हाच व्यालाय!

तर माझी काजळ व्याली. माझी म्हणजे, बाटलीनं दूध पाजून मीच वाढवलेली. सगळी पिल्लं काळी आणि एक... तपकिरी! नाकसुद्धा तपकिरी! काकानं ते उजेडात धरलं, नोट खरी की खोटी बघतात तसं, आणि माझ्यावर गरजला, 'फाटक कुणी उघडं ठेवलं?'

अहो, कसलं फाटक? म्हटलं, काका, काळा रंग तयार व्हायला अंगात एक प्रथिन लागतं, ते कसं बनवायचं हे जनुकात लिहिलेलं असतं, त्यात एक अक्षर बिघडलं की प्रथिन लंगडं, आणि रंग तपकिरीवरच अडकतो! आईकडून एक प्रत, बापाकडून एक. एक जरी धड असली तरी कुत्रं काळंच. दोन्ही बिघडलेल्या आल्या की संपलं! आणि तू वंश शुद्ध ठेवायचा म्हणून सख्ख्या भावाबहिणीची जोडी लावतोस, मग बिघडलेल्या प्रती एकत्र येणार नाहीत तर काय...

'म्हणजे माझ्या शेरूत खोट?' शेरू म्हणजे पिल्लांचा बाप, काजळचा भाऊ, काकाचा जीव की प्राण.

बाबा पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, 'दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, आता घरात प्राध्यापकी!' झालं! यांना प्रथिन म्हणजे उकडलेलं अंडं, एवढंच ठाऊक! आणि काकू? काकू हळूच, 'ते सगळं खरं रे... पण फाटक उघडं होतं का?'

काजळ बदफैली ठरली. कुत्री, बदफैली! काकानं ती एका ट्रकवाल्याला देऊन टाकली. फाटकाला हे एवढं कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या उशाखाली, आणि शेरूची जोडी लावली... कुणाशी? काजळच्या बहिणीशी! काय बोलणार?

ती व्याली. दोन तपकिरी! मी नुसता कुलपाकडे बघत राहिलो. काकानं पिल्लं पाहिली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं, आणि माझ्याकडे वळला.

'दुसरी किल्ली कुणाकडे आहे?'

काकानं कुलूप बदललं. मी काजळला परत आणायला ट्रकवाल्याकडे गेलो, तर तो घर सोडून गेलेला. माझी कुत्री गेली.