मधला लाल गोल

बाई : ते मला नका समजावू. पडद्यावरचा हा मधला मोठा लाल गोल म्हणजे मीच ना?

प्राध्यापक : अहवालात कुणाचंच नाव नाही हो. पोलिसांनी कॉलच्या नोंदी दिल्या त्याच मुळी नंबर झाकून. आमच्यासाठी तुम्ही फक्त क्रमांक एक.

बाई : आणि पोलिसांसाठी? त्यांनी ते झाकण काढलं आणि परवा भर दुकानात दोघं जण येऊन उभे. मी चष्म्याच्या काचा घासते, सर. अकरा वर्षं झाली. गिऱ्हाइकांसमोर विचारतात, माल कुठून उचलता? मी म्हटलं, मालक आणतात, दर सोमवारी येतो.

प्राध्यापक : अरे देवा.

बाई : लिहून घेतलं त्यांनी. आता मालक म्हणतात, चार दिवस घरी बसा. त्यांचे चार दिवस म्हणजे किती, ते मला चांगलं कळतं.

प्राध्यापक : हे बघा, मी कुणाला उचला म्हणून सांगितलेलं नाही. अमली पदार्थांचा बाजार कसा चालतो, एवढाच माझा अभ्यास. कोण विकतं, कोण पोचवतं, टोळी कुणाच्या तंत्रानं चालते. साडेतीन वर्षं खपून छत्तीस जणांच्या नोंदी संगणकात घातल्या...

बाई : आणि त्यातून मी निघाले म्होरक्या. कशावरून?

प्राध्यापक : कारण सगळ्यांशी बोलणारं माणूस एकच निघालं. विकणारे, पोचवणारे, गोदाम सांभाळणारा, सगळे तुमच्याशी जोडलेले. शिवाय पकडलेल्या नऊ जणांच्या फोनमध्ये तुमचा नंबर एकाच नावानं होता. ‘ताई’. म्हणजे टोळीतलं टोपणनाव, असं आम्ही...

शिपाई : ताई, पाणी घ्या. सर, चहा सांगू का?

बाई : ठेवा काका. चहा नको. सर, या काकांनाही घ्या तुमच्या नकाशात. तेही टोळीतलेच दिसतात.

प्राध्यापक : थट्टा नका करू. नऊ वेगवेगळी माणसं एकच नाव घालतात, त्याला काहीतरी अर्थ असणार की नाही?

बाई : आहे ना. मी फोन लावला की पहिलं वाक्य एकच. मी त्याची ताई बोलतेय, तो आहे का तिथे? मग काय घालतील बिचारे? श्रीमती अमुकतमुक?

प्राध्यापक : त्याची म्हणजे कुणाची?

बाई : माझ्या धाकट्या भावाची. साडेतीन वर्षांत हा एवढा एक प्रश्न तुम्हाला पडला नाही?

प्राध्यापक : नोंदींमध्ये नाती दिसत नाहीत, बाई. किती वेळ बोलले आणि कुठून बोलले, एवढंच दिसतं.

बाई : नात्यातलाच घोळ आहे सगळा. आधी पावडर घ्यायचा, मग घेता घेता त्यांची पुडकी पोचवायला लागला. घरातून गेला तो गेलाच. ज्याच्या त्याच्याकडून नंबर मिळवत गेले मी. एकानं दुसऱ्याचा दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. तुम्ही तरी दुसरं काय केलंत?

प्राध्यापक : बरं, शोध घेत होतात हे मान्य. पण हालचालींचं काय? तुमचा फोन गेला की वीस मिनिटांत तिथली माणसं जागा सोडतात. एकदा नाही, सत्तेचाळीस वेळा. त्यावर अख्खं प्रकरण आहे माझं. ‘आदेशवहन’.

बाई : काय वहन?

प्राध्यापक : म्हणजे वरून हुकूम सुटतो आणि खाली तो लगेच पाळला जातो.

बाई : पळून जायचे हो ते. तिथेच थांबा, मी निघालेच, एवढं म्हटलं की त्याला घेऊन पसार. मी पोचेपर्यंत चपलासुद्धा नसायच्या. माझा हुकूम कुणी पाळला असता तर तो आज घरी असता.

प्राध्यापक : आणि गोदामवाला? एका महिन्यात त्याला साठ फोन गेलेत तुमचे.

बाई : त्याच्याकडे झोपायला जायचा असं कळलं होतं. साठाव्या फोनला तो माणूस रडकुंडीला आला. म्हणाला, ताई, पाया पडतो, धंदा सोडतो, पण फोन नका करू.

प्राध्यापक : त्या महिन्याला मी ‘विस्ताराचा टप्पा’ म्हटलंय.

बाई : काढा मला त्यातून. आत्ता, माझ्यासमोर.

प्राध्यापक : असा एकच गोल उचलून बाजूला ठेवता येत नाही. शुक्रवारी अहवाल छापायला जातोय. सगळा डोलारा तुमच्यावर उभा आहे.

बाई : मी कुठे म्हटलं होतं, माझ्यावर उभा करा? काढा.

प्राध्यापक : बरं. बघू या तरी.

(तो कळ दाबतो. दोघंही पडद्याकडे पाहत राहतात.)

बाई : हे काय झालं? सगळं विखुरलं की.

प्राध्यापक : टोळीच उरली नाही. हे तिघं इकडे, ते पाच तिकडे, हे दोघं तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकमेकांची तोंडंही पाहिली नसतील यांनी. त्यांना जोडत होतात त्या तुम्ही एकट्या. आणि मी साडेतीन वर्षं एका बहिणीच्या शोधाशोधीला संघटित गुन्हेगारी म्हणत बसलो.

बाई : आता कपाळाला हात लावून बसू नका. मला तुमच्या सहीचा कागद हवाय. आमचं चुकलं, असा. एक चौकीत द्यायला आणि एक मालकांना दाखवायला.

प्राध्यापक : देतो. पण तुम्हाला कल्पना नाही, लोक मला हसतील.

बाई : हसू देत की. मला कुणी हसलं नाही, सर. लांब सरकले.

प्राध्यापक : हं. आजच देतो. दोन्ही.

बाई : आणि हा खालचा बारकासा ठिपका कोण? याला एकही रेघ नाही.

प्राध्यापक : तो होय. छत्तिसावा. किरकोळ गटात टाकलाय आम्ही. वर्षभरात त्याला बाकी सगळ्यांचे फोन बंद झाले म्हणून त्या रेघा गाळल्या, फक्त तुमचे फोन चालू राहिले. रोज, दुपारी दोनच्या सुमाराला.

बाई : जेवणाच्या सुट्टीत करते मी. तोच तो. किरकोळ.

प्राध्यापक : माफ करा. मला माहीत नव्हतं.

बाई : उचलत नाही. आठ महिने झाले, नुसती रिंग वाजते. शेवटचा कधी उचलला होता, ते दिसतं का यात?

प्राध्यापक : दिसतं ना. हा बघा. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला.

बाई : पुन्हा चुकलात. त्या दिवशी रिंग थांबली, पण पलीकडे आवाजच नव्हता. मला वाटलं, लागलाच नाही.

प्राध्यापक : यात चूक नाही होत. समोरच्यानं उचलल्याशिवाय सेकंद मोजायला सुरुवातच होत नाही. एकोणीस सेकंद आहेत.

बाई : एकोणीस?

प्राध्यापक : तुम्ही काही बोलला होतात का?

बाई : जेवलास का, एवढंच. मग जरा थांबले, आणि मीच ठेवला फोन.