केसवाल्यांचा अहवाल

साळुबाई : टीव्हीतल्या ह्या गाणाऱ्याच्या अंगात आलेलं न्हाई. नाटक करतोय ह्यो.

सुदर्शन : मावशी, ते अंगात येणं नसतं. त्यांच्यात गाणं म्हणायची पद्धतच तशी. मान हलवायची, केस उडवायचे.

साळुबाई : मला नको शिकवू. तीस वर्सं झाली, नवरात्रात माझ्या अंगात येतंय. खरं आलं म्हंजी माणूस कुणाकडं बघत न्हाई. ह्यो दर टायमाला केस मागं सारतो आन कॅमेरा कुठं हाय ते बघून घेतो. तो मागं बसलेला ढोलवाला बघ. तोंड उघडं, डोळं मिटल्यालं. त्याच्या खरं आलंय.

गेणू : नऊ ढोल हायेत त्याच्याकडं. मोजले मी. एका ढोलकीत भागंना म्हणून नऊ मांडून बसलाय.

सुदर्शन : त्याला ड्रमसेट म्हणतात, तात्या.

गेणू : काय म्हणायचं ते म्हण. पर हात साफ हाय. दुपटीत गेला आन समेवर बरुबर येऊन पोचला.

सुदर्शन : मग लिहा की तेवढं. हात साफ आहे म्हणून.

गेणू : कागदात तसा प्रश्न न्हाई.

साळुबाई : कागदात काय हाय ते वाचा भावजी एकदा. तीनला लाइट जाईल. ह्या गाण्याच्या अजून दोन शिड्या बघायच्यात, आन माझ्या गवारीला बाया लावल्यात त्यांच्यावर कुणाचं ध्यान न्हाई.

गेणू : 'ग्रामपंचायत चौकशी समिती. सदस्य एक, सौ. साळुबाई, पंचायत सदस्या. सदस्य दोन, श्री. गेणू, ज्येष्ठ नागरिक. विषय : केबलचालक सुदर्शन याने गावच्या चॅनलवर दाखविलेल्या परदेशी वाद्यवृंदाच्या चित्रफिती पाहण्यास योग्य की अयोग्य.'

साळुबाई : ज्येष्ठ नागरिक? चाळीस वर्सं तमाशाच्या फडात ढोलकी वाजवली, कलावंत लिवलं न्हाई व्हय?

गेणू : कलावंत लिवायला दाखला लागतो. सरकार म्हाताऱ्या कलावंतांना मानधन देतंय, त्याला गावानं लिहून द्यावं लागतं की ह्यो माणूस कलावंत व्हता. तो माझा दाखला सरपंचाच्या टेबलावर हाय. दिवाळीपासनं.

साळुबाई : आता शिमगा आला.

गेणू : काल म्हणले, गेणूतात्या, हा केबलचा अहवाल आला की दोन्ही कागद संगटच मार्गी लावू.

सुदर्शन : म्हणजे माझा निकाल लागला.

साळुबाई : गप रं. वाचा भावजी, पहिला प्रश्न.

गेणू : 'अंगप्रदर्शन आहे काय?'

साळुबाई : हाय. चौघं बाप्ये उघडे हायेत. पर बरगड्याच दिसत्यात. तसं लिव्हा.

गेणू : 'होय. परंतु बरगड्या.' फुडं. 'आक्षेपार्ह शब्द आहेत काय?'

सुदर्शन : शब्द मलाच कळत नाय. ह्या सीड्या आणणाऱ्या मोहितला विचारलं तर तो म्हणतो, त्यांच्या घरच्यांना तरी कुठं कळतात.

गेणू : 'शब्द आहेत. आक्षेप कोणत्या शब्दावर घ्यावा हे समजले नाही.' तिसरा. 'आवाज कर्णकर्कश आहे काय?'

साळुबाई : सरपंचाच्या पुतण्याच्या लग्नात ट्रकभर कर्णे लावले व्हते. माझी गाय दोन दिवस पाण्याला तोंड लावत न्हवती. हितं निदान बारीक करायचं बटण तरी हाय. लिव्हा, बटण हाय.

गेणू : 'बटण आहे.'

साळुबाई : सुदर्शना, दुसरी शिडी लाव. आन मला एक सांग खरं खरं. त्या रविवारी झालं काय? मी वारूळवाडीला लेकीकडं गेल्ते. गावात दहा जणांनी दहा तऱ्हेनं सांगितलं.

सुदर्शन : काय नाय ओ. कुठल्यातरी पतसंस्थेनं सरपंचांना आदर्श सरपंच पुरस्कार दिला. त्या सत्काराच्या तीन सीड्या. मला सांगितलं, रविवारी सकाळ, दुपार, संध्याकाळ लावायच्या. सकाळी लावल्या. दुपारी चुकून मोहितची सीडी बसली. मोहित, माझा आत्येभाऊ, भोसरीला कंपनीत आहे तो. येताना खोकंभर घेऊन येतो आणि प्रत्येकीवर मार्करनं लिहितो, 'बघण्यासारखी', 'जरूर बघण्यासारखी', असं. तसली एक लागली, आणि मी कांद्याला पाणी द्यायला निघून गेलो.

साळुबाई : मग?

सुदर्शन : मग तासभर एकाचा फोन नाय. परत येऊन बघतो तर चॅनलवर हे केसवाले. घाबरून काढली आणि सत्कार लावला. पाच मिनिटांत सात फोन.

साळुबाई : कशापायी?

सुदर्शन : बंद का केलं म्हणून. सातवा सरपंचांच्या घरनं होता. वहिनी म्हणल्या, आहो, तो गिटारला आग लावणार होता ना आता, लावली का?

गेणू : हे कागदात लिवलेलं न्हाई.

साळुबाई : कसं लिवतील? आन सरपंचाच्या पुतण्यानं केबलची नवीन डिश आणून ठेवलीय ती? ती बी न्हाई लिवली?

सुदर्शन : आळेफाट्याला मित्राच्या गाळ्यात आहे. ताडपत्री टाकून. माझ्या तारा दिव्याच्या खांबांवरनं उतरल्या की त्याच्या चढणार. एकशेवीस घरांत मी कनेक्शनं दिलीत तात्या, एकेका कौलावर चढून.

साळुबाई : बरं बघू दे. हे काय चाललंय? गाणं कुठाय ह्याच्यात?

सुदर्शन : ह्याच्यात गाणी कमी. बॅन्ड गावोगाव फिरतो त्याची फिल्म आहे. मोहितनं लिहिलंय बघा, 'गाणी कमी, भांडणं जास्त, जरूर बघण्यासारखी.'

साळुबाई : कशावरनं भांडत्यात?

सुदर्शन : फोटोत मधी कोण उभं राहायचं त्याच्यावरनं.

साळुबाई : आगं बया. मला वाटलं आपल्याच पंचायतीत हाय हे. पंधरा ऑगस्टला तेवढ्यासाठी दोनदा झेंडावंदन केलं आमी.

गेणू : फडात बी हेच. सोंगाड्या म्हणायचा पाटीवर माझं नाव मोठं पायजेल, फडाचा सरदार म्हणायचा माझं. नारायणगावला राहुटी ठोकली की आधी पाटीवरनं भांडण, मग च्या.

साळुबाई : गाडी बंद पडली वाटतं त्यांची.

गेणू : ढकलत्यात बघा. बर्फात ढकलत्यात. आमचा ट्रक माळशेज घाटात बंद पडायचा. राजा, प्रधान, नाचणाऱ्या बाया, समदी खाली उतरून ढकलायची. राजाच्या मिशा पावसात गळायच्या.

साळुबाई : मधी कोण ह्याच्यावरनं भांडणारा आता बघा, गाडीच्या मागं सगळ्यात कडंला हाय.

गेणू : गाडी ढकलताना मधी कुणालाच उभं राहायचं नसतं.

सुदर्शन : चौथा प्रश्न उरलाय तात्या. 'व्यसनास उत्तेजन मिळते काय?' त्याच्या हातात बाटली आहे, ते मी लपवत नाय.

साळुबाई : पितो आन मग रडतो ह्यो. आपल्या गावात पिऊन कुणी रडलेलं मी बघितलं न्हाई, दुसऱ्यालाच रडवत्यात. लिव्हा, पाहून पिणाऱ्यास लाज वाटेल.

गेणू : 'वाटेल' का 'वाटावी'?

साळुबाई : वाटावी. आपण कशाला खात्री द्यायची.

सुदर्शन : सव्वादोन झाले. तिसरी लावतो. ही मोहितनं शेवटी ठेवलीय. म्हातारे आहेत ह्याच्यात सगळे.

साळुबाई : केस पांढरे झाले तरी कापले न्हाईत बग.

सुदर्शन : तरुणपणी लई मोठे होते म्हणे, मैदानं भरायची. आता कुठल्यातरी गावात छोट्या हॉलमधी वाजवतात. दिवसा हा ढोलवाला शाळेतल्या पोरांना जेवण वाढायचं काम करतो.

साळुबाई : हात थरथरतोय त्याचा.

गेणू : काठी हाताला बांधलीय. चिकटपट्टीनं. जरा थांब सुदर्शना, माघारी घे. हां. बघा, बोटं धरत न्हाईत, मनगटावर वाजवतोय सगळं.

साळुबाई : तुमचा बी हात तसाच थरथरतो, भावजी.

गेणू : माझा कमी.

साळुबाई : ह्याच्या अंगात आलंय.

गेणू : न्हाई. ह्याच्या अंगात यायची गरज न्हाई. ह्यो शुद्धीवर वाजवतोय.

(टीव्ही बंद पडतो. पंखा हळूहळू फिरत थांबतो.)

सुदर्शन : गेली. दहा मिनिटं आधीच.

साळुबाई : जाऊ दे. चला, करू सह्या. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणले, पहिल्या पानावर प्रश्न, दुसऱ्या पानावर नुसती सही.

गेणू : दुसरं पान वाचतो आधी.

साळुबाई : काय हाय त्याच्यात वाचायला?

गेणू : साक्षरतेच्या वर्गात तुमच्या लेकीनं, आरतीनंच शिकवलंय. साठीला आलो व्हतो. नाव लिवता आलं तवा मी लगीच सही करायला बघायचो, तर पोरगी म्हणायची, बाबा, सही खाली आसली तरी वाचायचं वरनं. 'निष्कर्ष. समितीने सर्व चित्रफिती काळजीपूर्वक पाहिल्या.'

साळुबाई : कवा टाइप केलंय हे?

गेणू : तारीख कालची हाय. 'सदर चित्रफिती गावच्या संस्कृतीस बाधक असल्याचे समितीचे एकमत झाले. सबब केबलचालकाच्या तारा खांबांवरून तात्काळ उतरवाव्यात.'

साळुबाई : म्हंजी आपलं काल एकमत झालं. मी काल शेतात व्हते, तुमी कुठं व्हता?

गेणू : दाखल्यापायी पंचायतीच्या बाकड्यावर.

सुदर्शन : तात्या, मी एक बोलू का? तुम्ही सही करा. खरंच करा. तुमचं मानधन अडकेल माझ्यापायी. मी भोसरीला जाईन मोहितकडं, कायतरी काम मिळेल. केबल काय, आज ना उद्या जाणारच होती.

साळुबाई : लई शहाणा हायेस. आई कुणाच्या जिवावर ठेवणार? आन माझी रातची मालिका? भावजी, तुमी सांगा ह्याला.

गेणू : ह्यो शब्द मला ठावा हाय. 'संस्कृतीस बाधक.'

साळुबाई : समद्यांनाच ठावा हाय.

गेणू : तसा न्हाई. शहाऐंशीच्या यात्रेला, सुदर्शना, तू पाळण्यातनं नुसता उतरला आसशील. आपल्या गावचा फड व्हता, आन यात्रेत पहिला खेळ आपल्याच फडाचा. त्या साली कमिटीचे लोक घरी आले. म्हणले, कुस्त्यांच्या आखाड्याची परवानगी काढायचीय, अंगठे पायजेत. मी ढोलकीला शाई भरत बसलो व्हतो. अंगठा काळाच व्हता. त्यांना शाईची डबी बी काढावी लागली न्हाई. टेकवला.

साळुबाई : मग?

गेणू : यात्रेच्या दिशी मैदानात गेलो तर मांडव ऑर्केस्ट्राचा. पुण्यासनं पोरी आणल्या व्हत्या, हिंदी गाणी म्हणत. म्हणलं आमचा खेळ? त्यांनी कागद दाखवला. मला कुठं वाचता येत व्हतं. शाळेतल्या गुरुजींनी वाचून दावला. 'तमाशा गावच्या संस्कृतीस बाधक आहे, तो बंद व्हावा अशी ग्रामस्थांची मागणी.' खाली पहिला अंगठा माझा.

साळुबाई : हे तुमी कुणाला बोलला न्हाईत कवा.

गेणू : काय बोलणार? सरदार मेला तवर त्याला वाटत व्हतं, कमिटीतल्या कुणाचा तरी डाव हाय. आमी एका ताटात जेवलेलो.

सुदर्शन : तात्या, कमिटीत तेव्हा कोण होतं?

गेणू : हे सरपंच तवा चिटणीस व्हते. अक्षर चांगलं हाय त्यांचं. पेन दे तो.

सुदर्शन : दुसरा देऊ? हा पंचायतीचा आहे.

गेणू : मग ह्योच बरा. ह्या निष्कर्षावर आडवी रेघ मारतो. साळुबाय, सांगा आता. तुमी मेंबर हायेत.

साळुबाई : लिव्हा. आमी दोघांनी अडीच शिड्या पाहिल्या.

गेणू : 'अडीच.' हां.

साळुबाई : गाणाऱ्याचं अंगात येणं खोटं हाय, ढोलवाल्याचं खरं हाय. भांडणं पंचायतीइतकीच हायेत, जास्त न्हाईत. गाडी समदी मिळून ढकलत्यात.

गेणू : हळू सांगा. जोडाक्षरं हायेत मधी. 'ढकलतात.' मग? योग्य का अयोग्य?

साळुबाई : तुमी सांगा. दाखला तुमचा अडकलाय.

गेणू : 'पाहण्यास योग्य. तारा आहेत तिथे राहाव्यात. तिसरी चित्रफीत लाइट गेल्यामुळे अर्धी राहिली, ती समिती पुन्हा पाहील.' झालं. ह्या घ्या, तुमी सही करा.

साळुबाई : केली. तुमी सही कराय लागलात का चित्र काढताय?

गेणू : 'ज्येष्ठ नागरिक' खोडतोय. 'ढोलकीवाला' लिवतो. ढ ला वळण लई बसत न्हाई मला.

सुदर्शन : तात्या, चहा टाकू का?

गेणू : टाक. लाइट कवा येईल?

सुदर्शन : सहाला. आली तर.

गेणू : मग बसतो. अर्ध्यातनं उठून जाणं बरं न्हाई, त्याचा शेवट राह्यलाय वाजवायचा.

साळुबाई : आन दाखला न्हाई दिला सरपंचानं तर?

गेणू : न्हाई दिला तर न्हाई दिला. त्या म्हाताऱ्याला तरी कुणी दिला आसंल?

साळुबाई : माणसं व्हती की त्याच्या म्होरं बसल्याली.

गेणू : लई न्हवती.

साळुबाई : मी मोजत व्हते. लाइट गेली तवा चाळीसपर्यंत आले व्हते.