पळून आलेला नायक

नाही नाही, चहा नको, तुम्ही वाचा – मी बसते इथे गप्प. एवढंच सांगायचं होतं की पानं उजवीकडून लावलीत, जपानी पुस्तकांत असतात तशी – पण ते मी तुम्हाला काय सांगायचं, तुमचं कामच ते. मांगाच म्हणतात ना याला? धाकटा म्हणतो, कागदावर असली की मांगा आणि टीव्हीवर हलायला लागली की ॲनिमे. मी आपली दोन्हींना चित्रंच म्हणते. धाकटा म्हणजे माझा भाऊ, ही पानं त्याचीच. चौतीस वर्षांचा बाप्या आहे, लिफ्ट दुरुस्त करतो, पण आई गेली तेव्हा तो नऊचा होता आणि मी अठराची, त्यामुळे धाकटा तो धाकटाच राहिला. त्याला तुम्ही पत्र पाठवलं होतं. आठवतंय? नसेलच आठवत, अशी किती पत्रं पाठवत असाल. मला मात्र पाठ आहे. ‘चित्रं सुबक आहेत, पण तुमचा नायक कशाला घाबरत नाही, त्याला काही हवं नसतं आणि त्याचं काही जातही नाही. मग वाचकाने त्याच्या मागे का जावं?’ एवढंच. खाली सही. खरं सांगू, तेव्हा राग आला होता तुमचा. म्हटलं, या माणसाला चार गोड शब्द लिहायला काय झालं होतं. धाकट्याने मात्र पत्र भिंतीला चिकटवलं, टेबलासमोर, आणि आठ महिने तिथे बसून हे सगळं नव्याने काढलं.

वाचा तुम्ही, मी बोलत नाही.

पण तुमचं खरं होतं हो. आधीचा तो त्याचा नायक – केस कपाळावर, हात खिशात, तोंडातून शब्द नाही, आणि सुटलेली लिफ्ट एका हाताने धरायचा, आत माणसं असताना, वर जांभई द्यायचा. मी शिवणकाम करते – दुकान आहे माझं, छोटंसं, मशीन आणि कापायचं टेबल बसेल इतकंच – तर मी ती पानं बघून त्याला म्हटलं, अरे, याचा कोट सात प्रकरणं मारामारी करून बगलेत उसवत कसा नाही? तो चिडला. म्हणाला, ताई, तुला कळत नाही, तो भारी आहे. भारी असेल, पण भारी माणसाचं मी काय करू? संध्याकाळी आम्ही दोघं बघत बसायचो ना, त्याची ती ॲनिमे, मी हेम घालत घालत, त्यामुळे माझीही मतं झालीयेत आता. एका मालिकेत एक पोस्टमन होता. राक्षसांच्या गावात पत्रं वाटायचा. लढता यायचं नाही, कुत्रं भुंकलं तरी झाडावर चढून बसायचा, पण पत्र हातात दिल्याशिवाय घरी फिरायचा नाही. एकदा पावसात त्याचा जेवणाचा डबा सांडतो आणि तो नुसता बघत राहतो डब्याकडे – बाकी काही नाही, तेवढंच – आणि मी सुई टोचून घेतली बोटात. का? कारण भूक मला कळते. डोंगर फोडणं मला कळत नाही. पुरुष नायक म्हटला की सगळ्यांना वाटतं छाती दाखवावी. अहो, छाती मी मापं घेताना रोज बघते. माणूस कसला आहे ते छातीवर कळत नाही, श्वास रोखून पोट आत घेतो ना, तिथे कळतं.

हसलात. बरं. कितव्या पानावर आहात? बारा. बारावर तो नवा नायक जिन्यात बसून बूट पुसतो, ते ना? छान काढलंय. यालाही काही शक्ती-बिक्ती नाहीये. साधा लिफ्टवाला, धाकट्यासारखा. त्याच्यासोबत एक म्हातारा मिस्त्री आहे, त्याला सगळे मामा म्हणतात, त्यानेच याला काम शिकवलं. याला काय हवंय? मामाने एकदा ‘शाब्बास’ म्हणावं. बस. बत्तीस वर्षांचा घोडा, आणि हवं काय तर शाब्बास. पण बघा, लगेच मागे जावंसं वाटतं की नाही त्याच्या? तुमच्या पत्रातलं ‘त्याला काही हवं नसतं’, ते झालं. आणि घाबरतो कसा, ते पुढे आहे. मी बसमध्ये वाचत आले, अर्धंच झालं, तेवढ्यात इथला स्टॉप आला. पण जिथपर्यंत वाचलं तिथे… येईल ते, तुम्हीच बघा.

हो, धाकटा अजून लिफ्टचंच काम करतो, एका कंपनीत, पण आता खाली उतरत नाही. बटणं बदलतो, दिवे बदलतो, दारं घासत असतील तर तेल देतो. खड्ड्यात उतरायला नाही म्हणतो. का म्हणजे… ते पानांत आहेच. एकवीसपासून बघा. मामा लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरलेला, हा सहा मजले वर, मशीनच्या खोलीत, ब्रेकपाशी. खालून हाक आल्याशिवाय ब्रेकला हात लावायचा नाही, हा पहिला धडा. आणि याने लावला, ब्रेक सैल केला. हाक आली असं वाटलं त्याला. पाण्याच्या पाइपचा आवाज होता. लिफ्ट काही उंचावरून पडली नाही हो, हातभर सरकली असेल, पण त्या हातभर जागेत मामांचा पाय होता. आणि मामांनी खालून याचं नाव घेऊन हाक मारली, ती मात्र खरी हाक होती, स्वच्छ ऐकू आली त्याला, आणि हा –

हा पळाला. जिन्याने, सहा मजले, फाटकातून बाहेर, दोन गल्ल्या, तडक माझ्या दुकानात, आणि कापायच्या टेबलाखाली जाऊन बसला, तागे ठेवते ना मी, त्यांच्या मागे. समोर गिऱ्हाईक होतं, ब्लाउजचं माप देत होती बाई. मला वाटलं ताप आलाय पोराला. तिला वाटेला लावली आणि वाकून बघितलं तर दात वाजत होते त्याचे.

हे पानांत असं नाहीये का? बरोबर, पानांत तो बागेत जाऊन बसतो. मग मी काय सांगितलं आत्ता… दुकान. हो. बघा, आता बोलून गेलेच आहे तर लपवून काय करू, खरंच घडलंय ते. दोन वर्षं झाली. मामा खरेच आहेत, पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तुम्ही वाचत राहा, थांबू नका. लोकांना वाटतं, पळाला म्हणजे संपला, आता कसला नायक. मला उलट वाटतं. पळाला तेव्हा कुठे तो सुरू झाला. लिफ्ट एका हाताने धरणारा आधी का काढला त्याने? कारण त्या दिवशी धरता आली नाही. रोज रात्रभर कागदावर धरत बसला बिचारा. ते तुम्ही दोन ओळींत ओळखलंत, मला मात्र एका घरात राहून ओळखता आलं नाही – किंवा आलं असेल, पण बोलायचं नव्हतं.

आणखी एक लागतं, तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतं, मी सांगते. नायकाच्या समोर उभं राहणारं कुणीतरी तोलामोलाचं लागतं. राक्षसच पाहिजे असं नाही. पण असा कुणी, की ज्याला ओलांडून जाणं त्याच्या जिवावर येईल. राक्षसाला काय, कुणीही मारेल. त्यात मन लागत नाही. ते यात आहे की नाही मला माहीत नाही, सत्ताविसाव्या पानापर्यंतच वाचलंय मी. मामा दवाखान्यात पडलेले आणि हा रात्रभर जागा, सकाळी उठून तोंड धुतो, कंपनीत जाऊन सगळं सांगायचं ठरवतो. तिथे माझा स्टॉप आला. पुढे कोण आडवं येतं? कंपनीचा साहेब असेल. एक चौकशीवाला होताही तसा, फाइल घेऊन आलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

काय झालं? असे काय बघताय माझ्याकडे? पान बघता, मला बघता. शाई सांडलीय का? दाखवा. द्या ना इकडे, मलाही वाचता येतं.

अच्छा.

हे माझं मापाचं टेप आहे. गळ्यातलं. असंच असतं, एक टोक लांब.

दारात उभी काढलीय मला. दोन्ही हात चौकटीला. आणि तो समोर अनवाणी. … बरोबर आहे. अनवाणीच होता. चपला मी लपवल्या होत्या त्याच्या, धान्याच्या डब्यामागे. हसू येईल तुम्हाला, एवढा बाप्या माणूस, अनवाणी गेला असता तरी कोण अडवणार होतं. पण मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, जायचं असेल तर मला ढकलून जा. लहानपणापासून मोठा केलेला, तो कसा ढकलणार. माहीत होतं मला तो ढकलणार नाही, म्हणून तर म्हटलं. मी म्हटलं, तू गप्प बस, मी बघते. आणि मी बघितलं. चौकशीवाला दुकानात आला, विचारलं, हा किती वाजता आला? म्हटलं, लगेच, धावत आला, माझ्याच फोनवरून मदतीसाठी फोन लावत होता, लागत नव्हता. लागत कसा नव्हता? लावलाच नव्हता. आधी मी त्याला पाणी दिलं, त्याचा शर्ट बदलला, त्याला समोर बसवून काय सांगायचं ते घोकून घेतलं, मग लावला. पाऊण तास मामा तिथे खाली पडून होते. पाऊण तास, साहेब. आणि कागदावर लिहिलं गेलं की हाक न देता मामाच खाली उतरले, चूक त्यांची. नोकरी गेली त्यांची. मामांनी एका शब्दाने सांगितलं नाही ब्रेकचं. म्हणाले, मला आठवत नाही. आठवत नाही कसं? सगळं आठवत असणार.

त्यांची बायको माझ्याकडेच येते शिवायला. आमच्या भागात दुसरं दुकान नाही. मामांच्या पँटी आणते, उजवा पाय दुमडून वर शिवून द्यायचा. मी शिवून देते. दोन वर्षांत नऊ पँटी दिल्या असतील. ती म्हणते, तुमचा हात सफाईचा आहे, टोचत नाही त्यांना. मी म्हणते, आतून मऊ पट्टी लावलीय. एवढंच आमचं बोलणं.

आणि मी तुम्हाला शहाणपणा शिकवत होते, तोलामोलाचं कोण असावं म्हणून.

त्याने मला वाईट नाही काढलं. बघा ना, राक्षसासारखी काढू शकला असता, भुवया चढवून, दात काढून, मांगात काढतात तशी. दमलेली काढलीय. डोळ्यांखाली रेघा. असं त्याने मला कधी बघितलं कोण जाणे, मान वर करून बोलत नाही दोन वर्षं. आणि पुढचं पान? यानंतर काय आहे? उलटा. कोरं? हेही कोरं. चौकटी आखल्यात नुसत्या, सहाच्या सहा. म्हणजे तो तिथेच उभा आहे अजून, माझ्यासमोर, अनवाणी. म्हणून हे गठ्ठा बांधून फळीवर ठेवलं होतं त्याने. मला वाटलं झालंय पूर्ण, म्हणून तो कामावर गेल्यावर काढून आणलं. त्याला न विचारता. हेही मीच, त्याला न विचारता.

तुम्ही म्हणता चांगलंय? खरंच? नायक धरून ठेवतो म्हणता. मग हे त्याला सांगा, मला नको. छापायचं की नाही हे मी कशी ठरवू, मी खूप ठरवलं आजवर. नाही हो, शेवट मी सुचवणार नाही. ‘ती बाजूला होते’ असं तुम्ही म्हणालात ते खरं, पण ते चित्रात होऊन चालायचं नाही. चित्रात तो मला केव्हाही बाजूला करू शकला असता, खोडरबर होतं की हाताशी. केलं नाही ना.

फोन आज करू नका त्याला. उद्याही नको, उद्या आम्हाला मामांकडे जायचंय. नाही, त्याला माहीत नाही अजून. आणि परवा मला त्या चौकशीच्या ऑफिसात जायचंय, मी काय खोटं बोलले ते लिहून द्यायला, ते मी एकटीच जाईन, त्यात त्याचं काम नाही. त्यानंतर त्याचं काय होईल, नोकरी राहील की जाईल, ते मला सांगता येत नाही. तो माझ्याशी बोलेल की नाही तेही नाही.

पानं द्या. बांधून द्या परत, होती तशी, त्याला कळायला नको – नाही, कळू दे. राहू दे तशीच, नका बांधू, अशीच नेते.

नाही, बसत नाही आता. साडेपाचला सुटतो तो, त्याच्याआधी मला कंपनीच्या फाटकाशी उभं राहायचंय.