खाचांचं बायबल

हसू नका, पण मला चक्क एका बायबलचा हेवा वाटायचा. इथं आखातात, अल नहदाला आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी प्रार्थना झाली की वचन शोधायचा खेळ असतो. प्रार्थना घेणारे जॉर्ज अंकल नुसतं पुस्तकाचं नाव आणि आकडा सांगतात. ज्याला वचन आधी सापडेल त्यानं उभं राहून आपल्या भाषेत वाचायचं. नगरला होतो तेव्हापासून या खेळात मला कुणी हरवलं नव्हतं.

मग मरीनातल्या सलूनमध्ये काम करणारी एलिफ यायला लागली. तिचं तुर्की बायबल कोरं करकरीत, आणि कडेला बोट घालायला खाचा! अंगठा घातला की पान समोर. ती दर शुक्रवारी जिंकायची आणि माझा जळफळाट व्हायचा.

शेवटी तिला ऐकू जाईल असं मी इंग्रजीत म्हणालो, "अशा खाचा असल्यावर कुणीही जिंकेल!"

"मग आज बदलू या, ब्रदर," म्हणत तिनं बायबल माझ्या हातात दिलं आणि माझं मराठी घेतलं.

"स्तोत्र एकशे एकवीस, यल्ला, चला!" अंकल ओरडले.

मी खाचा चाचपतोय, तर त्यांवरची पुस्तकांची नावं सगळी तुर्की! एलिफ मात्र माझं बायबल न उघडताच उठली आणि अख्खं स्तोत्र घडाघडा म्हणाली.

"पाठ आहे?" मी विचारलं.

"गावाकडे चार घरांत एकच प्रत होती. पुढच्या घरी द्यायच्या आधी पाठ करायचो. हे नवं इथं मिळालं. खाचा मी अजून वापरल्याच नाहीत."

मी तिचं बायबल परत केलं. माझी बायको कसली गप्प बसते!

"अहो, पुढच्या शुक्रवारी तिचं डोकं मागून घ्या."