पडद्याच्या कडेची चार बोटं

...आणि वर सर म्हणतात, घाबरायचं नाही, घाबरवायचं! अहो, भयपटाची पहिली दोन मिनिटं बनवायची, एवढाच आमचा प्रकल्प, पण त्याला सिद्धांत लावायचे! सर खडू नाचवत सांगणार, "आधी घराचा समतोल दाखव, मग समतोल बिघडला पाहिजे. एक प्रश्न अनुत्तरित ठेव. आणि प्रेक्षक अर्थ आपापल्या घरातून घेऊन येतो, विसरू नकोस." बरं बाबा, नाही विसरत.

म्हणून बुधवारी भर दुपारी, आई कामावर, बाबा ऑफिसात, मी कॉलेजला अर्ध्यातून दांडी मारून घरी आले. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवला आणि स्वतःच नायिका होऊन रिकाम्या घरातून चालले... एकटी! संध्याकाळी जुळवाजुळव करायला बसते तर काय? माझ्या मागे, आतल्या खोलीच्या पडद्याच्या कडेला चार बोटं! पडदा हळूच ओढतात आणि गायब! तुम्हाला सांगते, बोबडीच वळली. दोन दिवस त्या खोलीतल्या कपाटाकडे गेले नाही, तोच ड्रेस घालून फिरले. पण तो भाग काढून टाकू? समतोल बिघडला पाहिजे ना? आयता बिघडलेला कोण सोडतं? अर्धे डोळे मिटून जोडला.

मग प्रेक्षकांचा अभ्यास. प्रेक्षक कोण, तर शुक्रवारी कामावरून आलेली आई आणि तिच्याकडे आलेली मावशी, दोघींच्या हातात माझी प्रश्नावली. मावशी लगेच, "अगं, गादीवर ओला टॉवेल!" झालं, तिच्या रकान्यात भीती ओल्या टॉवेलची. आईने मात्र मोबाइल जवळ ओढला. म्हणाली, मागे घे. घेतलं. अजून मागे घे. मग मलाही दिसलं, एका बोटाला निळी चिंधी.

"हे कधी काढलंस?"

"बुधवारी दुपारी."

"ती चिंधी मी बुधवारी सकाळी बांधली. ह्यांच्या बोटाला, ऑफिसला निघताना."

तोवर मी भुताला भीत होते हो, आता वाटलं, भूत असेल तर बरं! सव्वासहाला बाबा आले, बॅग ठेवली, "काय ते काम, काय ते काम," रोजच्यासारखं. मावशी पाणी आणायला म्हणून जी उठली ती स्वयंपाकघरातच राहिली. आईने मोबाइल पुढे धरला. बाबा उभेच.

"दोन महिने झाले, काढून टाकलं मला," म्हणाले. "तुम्ही दोघी गेलात की परत यायचो. त्या दिवशी ही अचानक आली..."

दोन महिने माणूस स्वतःच्या घरात लपतोय, आणि आम्ही त्याला विचारतोय, आज दमलात का! इतकी भीती मला आयुष्यात वाटली नाही. आईने त्यांना बसवलं, मळलेली चिंधी सोडली, जखम पाहिली, नवी बांधली.

आणि सरांचा शेरा काय? "पडद्याचा हात अनावश्यक. याला कोण घाबरणार? समतोल बिघडल्यासारखा वाटत नाही." दहापैकी चार.

असो. बोटाला एक मार्क पडला म्हणायचं.